पद्मावतीबाई आणि न निघणारी डिस्क

निजामाच्या जुन्या राजधानीत, नारायणगुड्याच्या मराठी शाळेत पद्मावतीबाईंना कुणी कारकून म्हणत नसे. शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. दाखल्याच्या कामासाठी येणारी म्हातारी माणसंसुद्धा खिडकीशी वाकून ‘अक्का हायत का?’ असंच विचारत. वय अठ्ठावन्न. माहेर भालकीकडचं, शेतीवाडीचं. लग्न होऊन काचीगुड्याला आल्या, रेल्वेत नोकरीला असलेल्या हणमंतरावांच्या घरी. दोन मुली झाल्या, शाळेत जायला लागल्या. त्याच शाळेच्या ऑफिसातली कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून तीन महिन्यांसाठी या तिच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. ते तीन महिने अजून संपलेले नाहीत, असं हणमंतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

शाळेत पहिला संगणक आला तेव्हा अक्का छत्तीस वर्षांच्या होत्या. माउस हातात धरायला त्यांना आठवडा लागला. गणिताच्या एका सरांनी शाळेच्या दाखल-रजिस्टरासाठी एक छोटा प्रोग्राम स्वतःच लिहिला होता. नाव टाकलं की जन्मतारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख समोर येई. सर निवृत्त होऊन गावी गेले. आल्यापासून दहा वर्षांनी तो संगणकही गेला, आणि नव्या संगणकावर सरांचा प्रोग्राम काही केल्या उघडेना.

तेव्हा गौरी मदतीला आली. ती पुण्याची. नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीतल्या संगणकाच्या एका कंपनीत, राहायला काचीगुड्यात, नवरा कामानिमित्त परगावी. तिची मुलगी रेणू याच शाळेत पहिलीत होती. शाळा साडेतीनला सुटायची आणि गौरीला यायला सात वाजायचे. अक्कांनी एकदाच विचारलं, “पोरगी कुठं ऱ्हाते तवर?” दुसऱ्या दिवसापासून रेणू अक्कांच्या टेबलाशेजारी बसून पाढे लिहू लागली. शाळेला कुलूप लागलं की अक्का तिला आपल्या घरी घेऊन जात. दोन वर्षं हे असं चाललं. गौरीनं काही द्यायचं म्हटलं की अक्का म्हणत, “नको बाई. ती मला स्पेलिंग सांगती इंग्रजीचे. माझाच फायदा हाय.”

गौरीनं जुन्या संगणकाची सगळी हार्ड डिस्क जशीच्या तशी उचलून नव्या संगणकात एका फाइलीत बसवली. नव्या संगणकात एक खिडकी उघडायची आणि त्या खिडकीत जुना संगणक सुरू व्हायचा. तोच निळा पडदा, तोच सरांचा प्रोग्राम. अक्का डोळे विस्फारून बघत राहिल्या.

“संगणकाच्या आत संगणक?”

“हो. आतल्याला वाटतं आपण खरेच आहोत. त्याची डिस्क म्हणजे बाहेर नुसती एक मोठी फाइल आहे.”

“म्हंजे घरात भाडेकरू ठेवल्यासारखं,” अक्का म्हणाल्या.

त्या वेळचे मुख्याध्यापक नामदेवराव शिस्तीचे आणि दूरचं बघणारे होते. ते म्हणाले, “अक्का, प्रोग्राममध्ये नुसती नावं नकोत. रजिस्टरच्या प्रत्येक पानाचं चित्र काढून त्या नोंदीला जोडा. वाळवी काय आपल्याला विचारून येती?” छत्तीस रजिस्टरं होती, काही तर निजामाच्या काळातली. अक्कांनी दोन वर्षं रोज दुपारी स्कॅनरवर एकेक पान पसरलं आणि प्रत्येक चित्र त्या आतल्या संगणकात जोडलं. नामदेवराव पुढं वारले. चार वर्षांमागं रेकॉर्डच्या खोलीत पाणी शिरलं आणि छत्तीसच्या छत्तीस रजिस्टरांचे लगदे झाले. अक्का त्या दिवशी खोलीच्या उंबऱ्यावर बसून रडल्या, मग नामदेवरावांच्या नावानं हात जोडले आणि उठून कामाला लागल्या. पानांची चित्रं शाबूत होती.

गेल्या वर्षीच्या एका गुरुवारी सकाळी खिडकीशी जयवंता आली. अंगात फिकट निळा कोट, डोक्याला रुमाल. एका खाजगी दवाखान्यात ती आया होती, रुग्णांना उठवणं-बसवणं, अंग पुसणं, जेवू घालणं हे तिचं काम. एकतीस वर्षं ती ते करत होती.

“अक्का, मी हितंच शिकले. चवथीपरेंत. माझ्या उमरीचा कागद पायजे.”

“काय झालं?”

“नोकरीला लागले तवा कुनी तरी अंदाजानं साल लिवलं. चौसष्ट. आता म्हंतेत साठ झाले, घरी बैठो. मी सदुसष्टची हाय अक्का. आईनं सांगितल्यालं मला पक्कं याद हाय. पर तोंडाची बात कोन मानतो? सनिवारी बारा बजेपरेंत शाळेचा कागद दिला तर बघतो म्हनले सायब.”

अक्कांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नेहमीसारखी संगणकावरची ती खिडकी उघडली. आतला संगणक सुरू झाला. प्रोग्राम उघडला. अक्कांनी ‘ज’ टाइप केला आणि पडदा जागच्या जागी थिजला. वर इंग्रजीत एक सूचना आली. अक्कांना इंग्रजी अडखळत का होईना वाचता येई. बाहेरच्या संगणकाची डिस्क भरली होती. जागाच उरली नव्हती, म्हणून आतला संगणक थांबला होता.

“आज होईना जयवंता. तू उद्या दुपारी ये. मी काढून ठेवते,” अक्का म्हणाल्या. जयवंतेनं मान हलवली, पण जाताना दारापाशी वळून एकदा त्या पडद्याकडं बघितलं. ती नजर अक्कांच्या मनातून दिवसभर गेली नाही.

अक्कांनी आधी इकडचं तिकडचं काढून पाहिलं. थेंबाथेंबानं काय होणार? मग कशानं एवढी जागा खाल्ली ते त्या शोधू लागल्या. आतल्या संगणकाच्या डिस्कांची यादी दाखवणारं एक पान त्या सॉफ्टवेअरात होतं, गौरीनं कधीतरी दाखवलेलं. त्यात दोन नावं होती. एक ‘शाळा-मूळ’, भलीमोठी, पण शेवटची तारीख अकरा वर्षांपूर्वीची. दुसरं ‘चाचणी’, तीही तेवढीच मोठी. अक्कांनी विचार केला, अकरा वर्षं जिला कुणी हात लावला नाही ती पडीकच असणार. त्यांनी ‘शाळा-मूळ’ निवडून काढून टाकण्याचं बटण दाबलं.

डिस्क निघाली नाही. चार ओळींची लाल खुणेची सूचना आली. मग ‘चाचणी’ काढून बघितली. तीही निघाली नाही. वेगळी सूचना, तोच नकार.

कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी फोन केला. दुकानदार घाईत होता. “अम्मा, वो सॉफ्टवेअर कू छोडो. कम्प्यूटर बंद करके चालू करो, फोल्डर में जाके फाइल कू सीधा डिलीट मारो. कुछ नै होता.”

अक्कांनी तसंच केलं. संगणक बंद करून पुन्हा लावला. फोल्डर उघडला. ‘शाळा-मूळ’ नावाची फाइल निवडली आणि डिलीट दाबलं. एवढी मोठी फाइल कचऱ्याच्या टोपलीत मावत नाही, ती कायमचीच जाईल, चालेल का, असं संगणकानं विचारलं. होय आणि नाही, दोन बटणं.

अक्कांचा हात माउसवर होता. बोट उचललेलं होतं. पण त्या जन्मभर ऑफिसात बसलेल्या बाई. कुणाचा अर्ज नाकारला तर कारण लिहून द्यायचं, आणि आपल्याला कुणी नाकारलं तर कारण वाचायचं, ही त्यांची सवय. सॉफ्टवेअरनं नाही म्हटलं होतं आणि आपण कारण धड वाचलंच नाही, हे त्यांना टोचलं. त्यांनी ‘नाही’ दाबलं. पुन्हा त्या यादीवर गेल्या, पुन्हा काढून टाकायचं बटण दाबलं, ती लाल सूचना आणली आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. बाकीचं फारसं कळलं नाही, पण एक शब्द रेणूनं शिकवलेल्या शब्दांतला होता. चाइल्ड. या डिस्कला एक चाइल्ड आहे.

“हिला लेकरू हाय,” अक्का स्वतःशीच म्हणाल्या. “लेकरू हाय तर ही पडीक कशी?”

त्यांनी माउस बाजूला सारला आणि गौरीला फोन लावला. दोघींची शेवटची भेट होऊन सहा वर्षं झाली होती. गौरी कुकटपल्लीला मोठ्या घरात राहायला गेली होती, रेणू कॉलेजात होती. दिवाळीला मेसेज येई तेवढाच. कामापुरती आठवण काढली असं वाटेल की काय, म्हणून अक्कांना संकोच वाटत होता. पण फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“अक्का! तुम्ही? सगळं ठीक ना?”

अक्कांनी सगळं सांगितलं. फाइल कायमची काढायला निघाले होते, हेही लपवलं नाही.

“अक्का, तुम्ही ‘होय’ दाबलं नाही ना?”

“नाही.”

“नक्की?”

“अगं नाही म्हणते ना.”

गौरीनं सोडलेला श्वास फोनवर ऐकू आला. “आता कशालाही हात लावू नका. संगणक बंद करून ठेवा. मी उद्या सकाळी येते.”

“उद्या शुक्रवार. तुझं ऑफिस?”

“रजा टाकते. अक्का, तुम्ही माझी दोन वर्षं सांभाळलीत. मला एक दिवस द्यायला काय होतंय?”

शुक्रवारी शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत गौरी मेट्रोनं आली. केसांत दोन-चार पांढरे, पाठीवर बॅग, बॅगेत एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. तिनं अक्कांना वाकून नमस्कार केला आणि चहासुद्धा न घेता संगणकापुढं बसली. पहिलं काम तिनं केलं ते सगळ्या फोल्डरची प्रत आपल्या डिस्कवर घेण्याचं. त्याला तास लागणार होता, तेवढ्यात चहा झाला.

“आता सांग,” अक्का म्हणाल्या, “ती जुनी डिस्क निघत का नव्हती?”

गौरीनं यादी उघडली. ‘शाळा-मूळ’च्या शेजारी एक बारीक त्रिकोण होता, मोहरीएवढा. अक्कांच्या तो कधी डोळ्यांत भरला नव्हता. गौरीनं त्यावर क्लिक केलं आणि खाली आणखी एक ओळ उघडली. लांबलचक आकड्यांचं नाव, आणि तारीख कालची.

“तुम्ही पानं जोडायला सुरुवात करणार होतात ना, त्याच्या आदल्या दिवशी मी आतल्या संगणकाची त्या क्षणाची अवस्था राखून ठेवली. काही बिघडलं तर मागं जाता यावं म्हणून. तसं केलं की मूळ डिस्क तिथंच गोठते. तिच्यात पुढं काहीच लिहिलं जात नाही. नवीन सगळं तिच्यावर रचलेल्या या दुसऱ्या डिस्कमध्ये जातं. म्हणून मूळची तारीख अकरा वर्षांपूर्वीची.”

“मग माझी पानं?”

“ती या खालच्या डिस्कमध्ये. पण ही एकटी उघडतच नाही. हिच्यात फक्त बदल आहेत, पाया त्या मूळ डिस्कमध्येच. मूळ गेली असती तर तुमची पानंही गेली असती.”

रजिस्टरांचे लगदे झालेले होते. कागदावर आता काहीच नव्हतं.

“आणि ती ‘चाचणी’?” अक्कांनी विचारलं.

गौरी ओशाळून हसली. “तो माझा गुन्हा. पहिल्यांदा जमतंय का ते बघायला मी एक प्रत काढून दुसऱ्या एका आतल्या संगणकाला जोडली होती. काम झाल्यावर काढायची विसरले. ती त्या संगणकाला जोडलेली असताना सॉफ्टवेअर तिला काढू देत नाही. आधी तिकडून सोडवायची, मग इथून काढायची. हिच्याशेजारी त्रिकोण नाही, बघा. हिच्यावर कुणी अवलंबून नाही.”

तिनं त्या चाचणीच्या संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क सोडवली, यादीत परत येऊन काढून टाकण्याचं बटण दाबलं, आणि या वेळी ती मुकाट्यानं निघाली. बाहेरच्या संगणकात भरपूर जागा झाली.

मग शाळेचा जुना संगणक सुरू केला. निळ्या पडद्याऐवजी काळ्यावर पांढरी अक्षरं धावू लागली, तशा अक्का उठून उभ्या राहिल्या. “काल संगणक बंद केलात ना,” गौरी म्हणाली, “आतल्याला ती वीज गेल्यासारखी वाटली. तो आपली डिस्क तपासून घेतोय.” तिचा आवाज स्थिर होता, पण ती नखं कुरतडत होती, ते अक्कांनी बघितलं. सात-आठ मिनिटं दोघी पडद्याकडं बघत राहिल्या. बाहेर प्रार्थना संपून पोरं वर्गात गेली. मग पडदा निळा झाला.

अक्कांनी प्रोग्राम उघडून ‘जयवंता’ टाइप केलं. चार जयवंता निघाल्या. तिसरी ती होती. जन्म नऊ ऑगस्ट एकोणीसशे सदुसष्ट. पहिलीत दाखल जून त्र्याहत्तर. शेजारी पानाचं चित्र. अक्कांनी ते मोठं केलं, आणि तेव्हा कुठं खुर्चीत टेकल्या. त्यांनी गौरीचा हात धरला आणि काही वेळ सोडला नाही.

दुपारी जयवंता आली. मुख्याध्यापिका वैशाली मॅडमनी चित्र आणि नोंद ताडून बघितली, दाखल्यावर सही-शिक्का केला आणि पानाची छापील प्रतही जोडून दिली. जयवंतेनं कागद हातात घेतला, पण तिचे डोळे पडद्यावरच्या पानावर होते.

“ही माजी वोळ हाय?”

“हाव. हे तुझं नाव, ही जन्मतारीख, हे वडलांचं नाव, धंदा हमाली. ही पालकाची सही.”

जयवंता पुढं झुकली. रांगेतल्या बहुतेक पालकांचे अंगठे होते, शाईचे काळे ठिपके. हिच्या ओळीत मात्र वाकडीतिकडी, एकमेकांपासून फटकून बसलेली पाच अक्षरं होती.

“बापाची सही,” ती म्हणाली. “बापाला लिवता येत नव्हतं अक्का. ताईनं पाटीवर शिकवली त्याला सही. मोठी बहीण माजी. मी लहान होते, बाजूला बसून बघायची. त्यो काचीगुड्याच्या स्टेशनात बोजे उचलायचा, हात थरथरायचे. ताई म्हनायची, अंगठा नको द्यायचा, शाळंत हसतेत.” तिनं पडद्याला बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. “त्याचा येक फोटू बी नाही आमच्यापाशी. काईच नाही.”

अक्कांनी त्या पानाची आणखी एक प्रत छापली, जाड कागदावर, फक्त तिच्यासाठी. जयवंतेनं ती कोटाच्या आत, छातीशी धरली. जाताना ती अक्कांच्या पाया पडायला वाकली, तर अक्कांनी तिला मधेच धरलं.

“माझ्या नको. ही बाई कुकटपल्लीहून आली. हिला सांग काय सांगायचं ते.”

“मला नको,” गौरी म्हणाली, “अक्कांनी ‘नाही’ दाबलं.”

“मग नामदेवराव गुरुजींचं नाव घे,” अक्का म्हणाल्या. “पानांचे फोटो काढा म्हणून ते मागं लागले होते.” जयवंतेला त्यातलं फारसं कळलं नाही. तिनं तिघांच्याही नावानं हात जोडले आणि बस गाठायला निघाली.

ती गेल्यावर गौरीनं राहिलेलं काम केलं. अकरा वर्षांपूर्वी राखलेली ती अवस्था आता कुणाला नको होती. ती सॉफ्टवेअरातूनच रीतसर काढली, की खालच्या डिस्कमधलं सगळं वरच्या मूळ डिस्कमध्ये मिसळतं आणि एकच डिस्क उरते. त्याला दोन तासांवर वेळ लागला. तेवढ्या वेळात दोघींनी डबा खाल्ला, रेणूच्या गोष्टी झाल्या. तिसरीपासून इंग्रजी शाळेत गेलेल्या रेणूला मराठी बोलता येतं, पण वाचताना ती अडते, याची गौरीला खंत होती. “रविवारी धाड माझ्याकडं,” अक्का म्हणाल्या. “तिनं मला इंग्रजी शिकवलं, मी तिला मराठी वाचायला शिकवते. फेड व्हायला नको का?”

निघण्याआधी गौरीनं आपली हार्ड डिस्क शाळेतच ठेवली आणि दर महिन्याला प्रत कशी घ्यायची ते अक्कांना त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहून घ्यायला लावलं.

शनिवारी दोन वाजता जयवंतेचा फोन आला. सायबांनी कागद ठेवून घेतला होता. सोमवारी वरच्या ऑफिसातून उत्तर येणार होतं. सोमवारी आलं नाही, मंगळवारीही नाही. अक्कांनी त्या दोन दिवसांत तिला चार वेळा फोन केला. बुधवारी जयवंता स्वतःच ड्यूटीच्या कपड्यात आली, हातात दवाखान्याच्या कँटीनमधली उस्मानिया बिस्किटं. साल सदुसष्ट करून मिळालं होतं. आणखी तीन वर्षं तिची.

त्या महिन्यात तिच्या सांगण्यावरून आणखी चार बायका शाळेच्या खिडकीशी आल्या, दोघी दवाखान्यातल्या, दोघी तिच्या वस्तीतल्या. तिघींची नोंद सापडली. चौथीची नाही, कारण ती या शाळेत कधी शिकलीच नव्हती, शेजारच्या तेलुगू शाळेत होती. अक्कांनी तिला बसवून पाणी दिलं, मग चप्पल घातली आणि तिच्याबरोबर त्या शाळेच्या ऑफिसापर्यंत चालत गेल्या.